हिवाळ्यात खाडीवर गळ टाकताय? सुरुवातीला एवढंच

रॉड-रीळचं नंतर बघू, आधी भरती शिका. मुंबई-रायगडकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला साधारण पावणेचार. त्याआधीचे दोन तास गाठा. उधाणाच्या ओढीत दोरीला लावलेलं शिशाचं वजन तळाला टिकत नाही, म्हणून पहिल्यांदा भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा जा, अष्टमी-नवमीच्या आसपास.

थंडीत पाणी निवळतं, माशाला दोरी दिसते. गळाआधी हातभर ०.३५ मिलिमीटरची फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी दोरी) लावा.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:
- लांब फेकणं. हा मोह सगळ्यांनाच! तांबोशी, गोबरा खडकाच्या कडेलाच असतात.
- मऊ पडलेली कोळंबी. जिवंत घ्या, शेपटीत टोचा.
- माशाने आमिषाला टोचल्याबरोबर हिसका. दोरी ताणू द्या, मग रॉड उचला.

शिंगाळा लागला तर पकडीनेच सोडवा, काटा विषारी असतो.