निवृत्तीनंतर फ्रान्सच्या कालव्यांवर बोट घेऊन वर्षभर राहता येईल का?

राहता येतं, पण वर्षभर फिरता येत नाही. फ्रान्सचे बहुतेक कालवे सांभाळणारी सरकारी संस्था व्हीएनएफ थंडीत दुरुस्तीसाठी लॉक (बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजांचे टप्पे) बंद ठेवते. दक्षिणेकडच्या मिदी कालव्यावर तर नोव्हेंबर ते मार्च वाहतूक जवळजवळ ठप्पच असते. म्हणून हिवाळ्यात बोट बांधून ठेवायला पाणी आणि वीज मिळणारा धक्का आधीच ठरवून ठेवा, आणि बोटीत हीटर चांगला हवाच. स्वतःच्या बोटीसाठी चालकाचा परवाना, विमा आणि व्हीएनएफचा 'विनिएट' (बोटीच्या आकारावर व मुदतीवर ठरणारा कर) लागतो. बोट 20 मीटरपेक्षा कमी लांबीची घ्या, त्यापुढे परवान्याचे नियम कडक होतात.

खरा प्रश्न गुडघ्यांचा आहे. बर्गंडी कालवा 242 किमीचा आणि त्यावर 189 लॉक. प्रत्येक ठिकाणी दोर फेकायचा, बांधायचा, सोडायचा. वेग ताशी सहा-आठ किमी, त्यात लॉकवाल्यांची जेवणाची सुट्टी. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. भाड्याची बोट बहुधा परवान्याशिवायही मिळते, म्हणून विकत घेण्याआधी एक आठवडा तशी चालवून बघा.

मात्र तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन (फ्रान्ससह बऱ्याच युरोपीय देशांचा सामाईक) पर्यटन व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर निघण्याआधीच फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा 'व्हिजिटर' व्हिसा काढावा लागेल. बोट नावावर असली तरी त्यात सवलत नाही.