आइसलँडमधल्या त्या काळ्या लाकडी चर्चचा इतिहास काय आहे?

फोटोत सगळीकडे दिसतं ते बुदिरचं चर्च. पश्चिम आइसलँडला स्नायफेल्सनेस म्हणून द्वीपकल्प आहे, तिथल्या किनाऱ्यावर. आता आजूबाजूला एक हॉटेल आणि लाव्हाचे दगड सोडले तर फार काही नाही, पण एकेकाळी मासेमारी आणि व्यापाराचं चांगलं गजबजलेलं गाव होतं.

पहिलं चर्च 1703 चं, एका व्यापाऱ्याने बांधलेलं. 1816 मध्ये ते बंद केलं गेलं. मग खरी मजा, स्टेइनुन नावाची तिथलीच एक बाई हट्टाला पेटली की गावाला चर्च पाहिजे म्हणजे पाहिजे, धर्मखात्याने हात वर केले तर ही थेट डेन्मार्कच्या राजापर्यंत पोचली (तेव्हा आइसलँड त्यांच्याच ताब्यात होतं ना) आणि 1847 ला परवानगी आणलीच, 1848 ला चर्च उभं. वर दाराच्या कडीवर कोरून ठेवलंय की हे धर्मगुरूंच्या मदतीशिवाय बांधलंय! असा टोमणा कुठल्या देवळाच्या दारावर मी तरी पाहिला नाही.

काळा रंग स्टाईल म्हणून नाही हां, खारा वारा आणि पावसात लाकूड टिकावं म्हणून होडीला फासतात तसं डांबर फासायची तिकडे जुनी पद्धत. 1980 च्या दशकात ते पुन्हा जुन्यासारखं बांधून काढलं, 1987 ला परत सुरू झालं. आतली एक घंटा मात्र 1672 ची, म्हणजे पहिल्या चर्चपेक्षाही जुनी.