नवी लँड रोव्हर डिफेंडर प्रत्यक्षात कशी वाटते? सोलापूरच्या माणसानं घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं सोलापुरात, शेती मंगळवेढ्याजवळ, कामासाठी पुण्याला सारखी ये-जा, वडील सत्तरी ओलांडलेले. अशा घरानं नवी डिफेंडर घ्यावी का, आणि जुन्या लँड रोव्हरचं तिच्यात काही उरलंय की नुसता रुबाब?

रुबाब आहेच, त्याचेही पैसे लावलेत. पण चालवून माझं जे मत झालं ते आधीच सांगतो. ही गाडी रानात जाते म्हणून घेऊ नका. घ्यायचीच असेल तर रानापर्यंतच्या रस्त्यासाठी घ्या.

माझं अक्कलकोट रोडला गॅरेज आहे. हयात जीप, सुमो आणि बोलेरोच्या खाली झोपण्यात गेली, त्यामुळं कोटीच्या गाडीबद्दल माझं मत गॅरेजवाल्याचं असणार, हे धरून चाला. आमचे एक गिऱ्हाईक ऊस वाहतुकीचे कंत्राटदार आहेत. त्यांनी डिफेंडर ११० घेतली आणि ‘बघा तरी चालवून’ म्हणून दिवसभरासाठी किल्ली हातात ठेवली. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, ३०० पीएस ताकद, ६५० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. ‘नवी’ म्हणतोय ती सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेली आणि भारतात २०२० पासून मिळणारी पिढी. कंपनी टाटांची आहे, २००८ साली फोर्डकडून घेतलेली, म्हणून आमच्या गॅरेजवर सगळ्यांना वाटत होतं की गाडी पुण्यात बनते. तसं नाही. ही स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरातून तयार होऊन येते, आणि किमतीतला मोठा वाटा त्या आयात शुल्काचा आहे.

फोटोत ती जरा खेळण्यातली वाटते, कोपरे गोलसर, दिवे गोल. समोर उभी राहिली की मत बदलतं. उंची १९६७ मिलिमीटर, म्हणजे बहुतेकांना टपावरचं काही दिसणार नाही. बॉनेट छातीला लागतं. मागची बाजू विळीनं कापल्यासारखी सरळ, दारावर स्टेपनी, टपाच्या कडेला जुन्या गाडीत असायच्या तशा छोट्या खिडक्या. मला मागूनच जास्त आवडली. मागच्या बाजूच्या काचेवर बॉडीच्या रंगाचा एक चौकोन बसवलाय, तो मात्र पटला नाही. दिसायला छान, पण त्या कोपऱ्यातून येणारा मोटारसायकलवाला त्याच्याआड जातो, आणि आपल्याकडं मोटारसायकलवाला त्याच कोपऱ्यातून येतो. या पिढीला २०२१ साली जगातली सर्वोत्तम डिझाइनची गाडी म्हणून वर्ल्ड कार पुरस्कारांत मान मिळाला. तरी चौकोनाबद्दल मी बोलणारच.

आता जुन्याचं काय उरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांच्याकडं वेल्समधल्या शेतावर लष्करानं काढून टाकलेली विलीज जीप होती. तिच्यासारखी शेतकऱ्याच्या उपयोगाची गाडी आपणच करू, म्हणून पहिला नमुना त्यांनी जीपच्याच चेसीवर उभा केला. ३० एप्रिल १९४८ ला अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. स्टीलचा तुटवडा होता म्हणून पत्रा अॅल्युमिनियमचा. आणि ट्रॅक्टरला असतो तसा पीटीओ घेता यायचा, त्यावर शेतातली यंत्रं चालायची! म्हणजे मुळात ही औतावरची गाडी. आपल्याकडच्या महिंद्रा जीपचं मूळही तीच विलीज, तेव्हा दोघी चुलत बहिणी म्हणायला हरकत नाही. डिफेंडर हे नाव खूप उशिरा, १९९० साली लागलं. शेवटची जुनी गाडी सोलिहल कारखान्यातून २९ जानेवारी २०१६ ला बाहेर पडली. धुराचे आणि सुरक्षिततेचे नियम तिला पेलवेनात. तो जुना वंश अजून चालताना बघायचा असेल तर दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांगला जा, संदकफूच्या चढावर पन्नासच्या दशकातल्या लँड रोव्हर प्रवासी वाहतात.

मी गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहिली. जुन्यापैकी खाली काहीच नाही. जुनीला लॅडर चेसी होती, म्हणजे शिडीसारखा वेगळा सांगाडा, पुढं-मागं अखंड एक्सल, आमच्यासारख्याला कळणारं सगळं. नव्यात चेसी आणि बॉडी वेगळी नाहीच, अख्खा सांगाडा अॅल्युमिनियमचा एकजीव. चारही चाकांचं सस्पेन्शन सुटं, ११० ला त्यावर हवेचे फुगे. कंपनी म्हणते हा सांगाडा लॅडर चेसीच्या चांगल्या गाड्यांपेक्षा तिप्पट ताठ आहे. मोजायला माझ्याकडं साधन नाही, पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं बांधावर ठेवून सगळी दारं उघडून बंद केली, एकही घासलं नाही. पुष्कळ गाड्यांचं पितळ इथंच उघडं पडतं. ‘११०’ हा आकडा पूर्वी दोन एक्सलमधलं इंचातलं अंतर होता. आता ते अंतर ३०२२ मिलिमीटर, म्हणजे ११९ इंच आहे. आकडा आडनावासारखा मागं आलाय.

आत बसल्यावर मात्र कुणीतरी शेतकऱ्याचा विचार केलाय असं वाटतं, निदान डिझाइन करताना त्याचं चित्र समोर असावं. डॅशबोर्डमधून मॅग्नेशियमचा आडवा दांडा जातो, तो झाकलेला नाही. धरायलाही येतो, वस्तू ठेवायलाही फळी होते. दारांवर स्क्रूची डोकी उघडी. खाली रबरी फ्लोअरिंग घेता येतं, म्हणजे चिखलाचे पाय घेऊन बसलात तरी फडक्यानं पुसून मोकळे. काही गाड्यांत पुढं मधोमध तिसरी छोटी सीट मिळते. त्या सीटचं परदेशात कौतुक झालं. आपल्याकडं वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हर धरून पुढं चौघं बसतात, आपल्याला त्यात नवल कसलं? तिसरी रांग घेऊ नका, मोठ्या माणसाला तिथं जमत नाही आणि डिकी जाते.

वडिलांबद्दल. हवेचं सस्पेन्शन चढा-उतरायला गाडी ५० मिलिमीटर खाली बसवतं. तरीही पायरी उंचच आहे. गुडघे दुखत असतील तर फूटबोर्ड लावून घ्या. एकदा बसले की खूश होतील. खुर्चीवर बसल्यासारखं सरळ बसता येतं आणि पुढच्या कारच्या पलीकडचं दिसतं.

आता चालवण्याबद्दल, कारण खरी गंमत इथं आहे. सोलापूर ते मोहोळ हायवे, तिथून कुरुल, कामतीवरून परत, असा फेरा मारला. हायवेवर सव्वादोन टनांपेक्षा जड गाडी इतकी शांत चालते की वेग किती झाला ते काट्याकडं पाहूनच कळतं. उभट आकारामुळं वाऱ्याचा आवाज थोडा येतो, जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं. ठीक आहे, एवढी उंच गाडी आहे. पण मोहोळ सोडल्यावर आतल्या रस्त्याला लागलो आणि मी थक्क झालो. तुम्हाला ते रस्ते माहीत आहेत. हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या जाऊन जाऊन डांबराची लाट झालेली, कडेला हातभर खच. तिथं फॉर्च्युनरवाला चाळीसवर येतो, जीपवाला तीसवर आणि मनातल्या मनात शिव्या देतो. ही साठनं जाते आणि आतल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही. बरोबर आमचा पोरगा होता, गॅरेजवरचा. तो मागून ओरडला, ‘शेठ, रस्ता केला काय बे इथं?’ रस्ता तोच होता.

याचं कारण ते सुटं सस्पेन्शन आणि हवेचे फुगे. जुन्या अखंड एक्सलमध्ये डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही धक्का पोचतो, शिवाय तो जड एक्सल उसळतो. इथं प्रत्येक चाक आपला खड्डा आपण निस्तरतं. खडकावर चढायचं असेल तर एक्सलवाल्या गाडीचे स्वतःचे फायदे असतात, पण सोलापूर जिल्ह्यात खडक चढायला कोण चाललंय? आपला शत्रू खचलेलं डांबर आहे.

मग रानात नेली. कागदावरचे आकडे भारी आहेत: गाडी वर उचलली की तळाखाली २९१ मिलिमीटर मोकळी जागा, पाणी ९०० मिलिमीटरपर्यंत चालतं, पुढचा चढ ३८ अंश आणि मागचा ४० अंशांपर्यंत घासत नाही. पाण्याचा वेगळा मोड आहे. त्यात गाडी स्वतःच उंच होते, एक्सलरेटर मऊ करते, बाहेरची हवा आत घेणं थांबवते आणि पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हलकेच दाबून डिस्क वाळवते. हे सगळं पूर्वी ड्रायव्हरला माहीत असावं लागायचं. बॉनेटखालची जमीन कॅमेऱ्यानं स्क्रीनवर दिसते, बांध ओलांडताना याचा फार उपयोग झाला. नाहीतर पुढं एक माणूस उभा करून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करावं लागतं. पाणंदीत, मुरमाच्या चढावर, कोरड्या ओढ्यात ती कुठंच अडली नाही. लो गिअर टाकून पाय काढला तर उतारावर स्वतःच दबकत उतरली.

पण काळ्या मातीबद्दल तुम्हाला कुठलाच सेल्समन सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. आपली माती ओली झाली की टायरच्या खाचांत थापली जाते, चाक गुळगुळीत होतं आणि मग संगणकानं चारही चाकांना कितीही हुशारीनं ताकद वाटली तरी धरायला काही उरत नाही. वर सव्वादोन टन वजन. वापसा यायच्या आधी रानात ट्रॅक्टर फसतो, तिथं ही काय करणार? शोरूममधून रस्त्याचे टायर लावलेली गाडी आली असेल तर आधी ऑल-टेरेन टायर (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे) घाला, तेही पावसाळ्यात शेतापर्यंत जायला, शेतात घालायला नाही. ओढ्याचंही तसंच. ९०० मिलिमीटर हा आकडा उभ्या पाण्याचा समजा. पुलावरून वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी थांबा. गाडी पाण्यात चालते म्हणजे पाणी तिला ढकलत नाही असं नाही. आणि वेड्या बाभळीचा काटा कोटीची गाडी ओळखत नाही. रंगावर मॅट फिल्म करून घेता येते, ओरखड्यांना ती बरी, पण टायरला तीच काळजी. पंक्चरवाल्याच्या दुकानात या मापाचा टायर मिळणार नाही, मागच्या दारावरच्या स्टेपनीत हवा आहे का ते बघत जा.

शहरात ही गाडी नकोशी होते. आरसे मिटूनसुद्धा रुंदी २००८ मिलिमीटर. फॉर्च्युनर १८५५ आहे, म्हणजे सहा इंच जास्त. नवी पेठेत, चाटी गल्लीत ती घालायचा विचारही करू नका. टिळक चौकात एका रिक्षावाल्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ते बरोबरच होतं. मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं, मागं भिंत असेल तर सामान काढता येत नाही. स्टेपनीमुळं मागचं दिसत नाही, म्हणून आरशातच कॅमेऱ्याचं चित्र दाखवायची सोय आहे. चालतं, पण डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो. मे महिन्यात काचेचं छप्पर असलेली आणि काळी गाडी घेणाऱ्याला माझा नमस्कार.

देखभालीचं स्पष्ट सांगतो, धंद्याचं नुकसान झालं तरी. ही गाडी आमच्या हाताबाहेरची आहे. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड एवढं कुणी जाणता करील. सस्पेन्शनचा फुगा किंवा एखादा सेन्सर गेला तर कंपनीच्या माणसाशिवाय गती नाही, आणि त्यासाठी पुणं, म्हणजे अडीचशे किलोमीटर. तुमचं पुण्याला येणं-जाणं आहे म्हणून तुम्हाला हे निभेल. फक्त सोलापूर आणि मंगळवेढा एवढंच फिरणं असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं. शिवाय घरात एक जुनी जीप किंवा बोलेरो असेल तर ती विकू नका. खताची पोती, पाण्याची मोटर, ओला चिखल ही तिची कामं, आणि तिचा एक्सल खोलून परत बसवायला मला एक दिवस पुरतो.

पुण्यात टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा शोरूमनं ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्यावरून परत येऊ नका. वडिलांना मागच्या सीटवर बसवा आणि शहराबाहेरचा एखादा खचलेला रस्ता बघून त्यावरून साठनं न्या. ते काही बोलले नाहीत तर गाडी पसंत आहे समजा. डीलरकडून ऑल-टेरेन टायरचा आणि वाढीव वॉरंटीचा भाव लेखी घ्या, आखूड ९० मॉडेल दाखवलं तर नाही म्हणा, त्याला बाजूला दोनच दारं आहेत, मागं बसणाऱ्यांना वेगळं दार नाही. आणि बुकिंगच्या आधी घरच्या फाटकाची रुंदी टेपनं मोजा. आमच्या कंत्राटदारांना खांब पाडावा लागला.