बाल्टोच्या आधीचे गाडीवान

प्रश्न: डॉक्टर, मुलाकडे न्यूयॉर्कला गेले होते. तिथे सेंट्रल पार्कमध्ये बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. माझा सहा वर्षांचा नातू त्याच्या पाठीवरून उतरेचना. या कुत्र्याने बर्फातून घटसर्पाची लस पोहोचवली, असं सून म्हणाली. एकट्याने?
– एक आजी, नाशिक

उत्तर: एकट्याने नाही, आजी. आणि ती लसही नव्हती, प्रतिविष होतं. आजार झाल्यावर टोचायचं. घटसर्पाची मुलं मी उमेदवारीच्या काळात पाहिली आहेत. घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात. औषधाची वाट पाहणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

जानेवारी 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावात ही साथ आली. रेल्वे नेनानापर्यंतच होती. पुढचे सुमारे 1,085 किलोमीटर बर्फावरच्या घसरगाड्या हाकणाऱ्या वीस गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत आळीपाळीने कापले. बाल्टो शेवटच्या टप्प्यावर होता, म्हणून फोटो त्याचे निघाले.

त्या वीस जणांत निम्म्याहून अधिक तिथले मूळ रहिवासी होते, अथाबास्कन आणि इनुपिआक. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत त्यांना जेमतेम जागा मिळाली, याचं मला फार वाईट वाटतं. चार्ली एव्हान्स 21 वर्षांचा. कोयुकुक आणि युकॉन नद्यांच्या संगमापाशी धुकं इतकं दाट, की कुत्री धड दिसेनात. थंडी उणे पन्नास अंशांची. पुढची दोन कुत्री गारठून कोसळली, तेव्हा त्यांच्या जागी तो स्वतः जुंपून घेऊन गाडी ओढत नुलातोला पोहोचला. जॅकस्क्रू नावाचा दुसरा गाडीवान चढणीवर गाडीमागे धावत राहिला, कुत्र्यांचा भार हलका व्हावा म्हणून.

मला सर्वांत मोठे वाटतात ते माइल्स गोनांगनान. उनालाक्लीटला त्यांनी समुद्राकडे पाहिलं. बर्फावरून सरळ गेलं असतं तर वाट जवळची होती, पण वादळाची चिन्हं ओळखून ते डोंगराच्या लांबच्या वाटेने गेले. काचेच्या कुप्या गोधडीत गुंडाळलेल्या होत्या. बर्फ फुटलं असतं तर माणूस, कुत्री आणि औषध एकदमच गेलं असतं. ही पारख पुस्तकातून येत नाही, त्या किनाऱ्यावर जन्म काढावा लागतो.

एडगर नॉलनर या तुकडीतले शेवटचे हयात गाडीवान. ते 1999 साली वारले.

पुतळ्याखालच्या पाटीवर एकाही माणसाचं नाव नाही. नातू पुन्हा तिथे गेला, तर त्याला चार्लीची गोष्ट सांगा. सहा वर्षांच्या मुलाला ती नीट कळेल.