आधी गाडी उभी करा, नोटीस नंतर

निफाड तालुक्यातल्या एका वाचकांचे पत्र आहे. पेट्रोल गाडी घेऊन दोन वर्षे पाच महिने झाले. थंडीत पहाटे सुरू केली की पहिले पाच-सहा सेकंद इंजिनातून साखळी आपटल्यासारखा खडखडाट होतो आणि मग थांबतो. गेल्या हिवाळ्यात आवाज सुरू झाला, यंदा वाढला. सर्व्हिस सेंटरला दोनदा सांगितले, तेव्हा ‘थंडीत सगळ्याच गाड्या करतात’ एवढेच उत्तर मिळाले. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर. रीडिंग 98,600 आहे आणि नाशिकला नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर होतात. ते विचारतात, ‘वॉरंटीला अजून सात महिने आहेत, तोवर नोटीस पाठवून नवी गाडी मागता येईल का?’

थंडी पडली की अशी पत्रे येऊ लागतात. गाडी वेगळी असते, चूक बहुतेक तीच असते.

तुमच्या हातात सात महिने नाहीत. वॉरंटीच्या पुस्तिकेत मुदतीपुढे ‘जे आधी होईल ते’ हे चार शब्द असतात आणि तुमच्या प्रकरणाचा निकाल तेच लावणार आहेत. तुमच्या पत्रावरची तारीख आठ दिवसांपूर्वीची आहे. त्यानंतरही रोज गाडी काढली असेल तर रीडिंग 99,240 च्या आसपास गेले असेल. उरले साडेसातशे किलोमीटर, म्हणजे नऊ-दहा दिवस. म्हणून हे वाचाल त्या दिवसापासून नाशिकला एसटीने जा. गाडी आता फक्त सर्व्हिस सेंटरपर्यंत जाऊ द्या.

पत्रासोबतची दोन जॉब कार्डे, म्हणजे गाडी सोडताना सर्व्हिस सेंटर भरून घेते ते कागद, पाहिली. दोन्हींवर ‘जनरल सर्व्हिस’ असे लिहिले आहे. ग्राहकाची तक्रार लिहायचा रकाना कोरा आहे आणि खाली तुमची सही आहे. तोंडी सांगितलेले ग्राहक आयोगापुढे सिद्ध करणे फार अवघड जाते. कोऱ्या रकान्याखालची सही मात्र कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला दाखवील. न वाचता सही करायची ही सवय पाहून मला दर वेळी वाईट वाटते, कारण खरी तक्रार असलेली माणसे तिच्यामुळेच हरतात.

आता काय करायचे ते सांगतो. हा आवाज रात्रभर गार पडलेल्या इंजिनाचा आहे. सकाळी अकरा वाजता चाळीस किलोमीटर चालून तापलेली गाडी नेलीत तर कुणालाच काही ऐकू येणार नाही आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत याल. गाडी संध्याकाळी सोडा, रात्रभर तिथेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आल्याशिवाय सुरू करायची नाही, असे सोडतानाच लिहून घ्या. जॉब कार्डवरही तुमचेच शब्द हवेत: ‘थंड इंजिन सुरू करताना पहिले पाच-सहा सेकंद खडखडाट, गेल्या हिवाळ्यापासून.’ त्याखाली रीडिंग आणि तारीख. सकाळी सुरू करताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्यात आधी मीटर दिसू द्या. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढे ती पुरावा म्हणून द्यायची झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडू.

तुमच्या पत्रात ओझरते आलेले एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकले. दिवाळीत तुम्ही बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलेत. फिल्टरमध्ये तेल परत खाली उतरू न देणारी छोटी झडप असते. ती कमअस्सल असली तर रात्रभरात तेल ओघळून जाते आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत इंजिन खडखडते. इंजिनातल्या साखळीचा, म्हणजे टायमिंग चेनचा, ताण धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालत असेल तर तो बिघडल्यावरही जवळपास असाच आवाज येतो. त्यामुळे कंपनी बोट तुमच्या फिल्टरकडेच दाखवणार. आवाज दिवाळीच्या आधीचा आहे, हे तुमच्या बाजूचे आहे, पण त्याचा कागद तुमच्याकडे नाही. म्हणून गाडी सोडताना स्वखर्चाने कंपनीचेच फिल्टर आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल घाला, बिल घ्या. सकाळी आवाज गेला तर वाद मिटला. राहिला तर कंपनीचा मोठा बचाव गळून पडेल. दोष टेन्शनरचाच आहे, असे मात्र मी इथे बसून म्हणणार नाही. ते इंजिन उघडणाऱ्याने सांगायचे.

नव्या गाडीची आशा धरू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितले आहे की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची असेल, तर त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तुमची मागणी भाग बदलून मिळण्याची, फार तर नुकसानभरपाईची ठेवा.

दुरुस्ती नाकारली तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येईल. तुम्ही जिल्ह्यातच राहता, तेव्हा कंपनीचे कार्यालय कुठे आहे हा अडसर नाही. नऊ लाखांच्या गाडीला शुल्क 200 रुपये. मुदत कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ती नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून गेल्या हिवाळ्यापासूनच मोजा. नुसत्या नोटिसा पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तुमच्या बाबतीत बहुधा तसेच होईल, पण अहवाल कोणत्या बाजूने येईल याची हमी कुणी देऊ नये.

कायदा म्हणतो, तपासणी लागली तरी शक्यतो पाच महिन्यांत निकाल द्यावा. गाड्यांची जी प्रकरणे मी चालवली, त्यांत निदान तपासणीचा आदेश तरी त्या वेळेत मिळावा म्हणून झगडलो आहे. तारखा पडत राहतात, सदस्यांची जागा रिकामी असते, आणि तोवर माणूस तोच खडखडाट ऐकत गाडी चालवतो किंवा कंटाळून पडेल भावात विकतो. हा अन्याय आहे. म्हणूनच आयोगाच्या दारात जाण्याआधी काम सर्व्हिस सेंटरमध्येच होईल असे बघा.

सर्व्हिस सेंटरचा अॅडव्हायझर तुमचे शब्द जॉब कार्डवर लिहायला तयार नसेल तर भांडत बसू नका. तिथूनच, गाडी ताब्यात देण्याआधी, कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. त्यात तेच शब्द, मीटरचा फोटो आणि ‘तक्रार लिहून घेण्यास नकार दिला’ हे वाक्य असू द्या. गाडी परत घेताना समाधानपत्र पुढे करतील. आवाज गेला आहे की नाही हे पुन्हा एका थंड सकाळी ऐकल्याशिवाय त्यावर सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या वर ‘आवाजाची तक्रार कायम’ असे स्वतःच्या हाताने लिहा.