हॉकीतला रिव्हर्स हिट शिकताय? आधी खाली वाका

रिव्हर्स हिट म्हणजे स्टिक उलटी करून डाव्या बाजूच्या चेंडूला मारलेला फटका. बहुतेक नवखे ताकदीच्या मागे लागतात, आणि चेंडू हवेत जातो. खरी गोम उंचीत आहे. गुडघे इतके वाकव की स्टिक जमिनीला जवळपास समांतर फिरेल. दोन्ही हात एकत्र, उजवा खांदा लक्ष्याकडे, चेंडू अंगापासून लांब, पुढच्या पायाच्या रेषेत. मारायचं स्टिकच्या कडेनं. रिव्हर्सला ते नियमात बसतं, फोरहँडला, म्हणजे उजव्या बाजूनं नेहमीसारखं मारताना, कडेनं जोरात मारलंस तर फाऊल. चेंडू उडत असेल तर स्टिक खालून येतेय, आणखी वाक. डाव्या हाताची बोटं घासतात, ग्लोव्ह घाल. सुरुवात स्थिर चेंडूवर, अर्ध्या जोरानं. आणि समोर कुणी उभं असताना सराव नकोच, हा फटका कुठे जाईल याचा सुरुवातीला भरवसा नसतो.