मोडीला काय येईल, तीच दागिन्याची खरी किंमत

ताई, तुमचं पत्र मिळालं. भिशीचे 60,000 रुपये हातात आलेत. नागपुरात सीताबर्डीवरच्या प्रदर्शनात तोडे, सरी, वाकी असा जुन्या घडणीचा संच 42,000 ला मिळतोय. विकणारा म्हणतो, "जर्मन सिल्व्हर आहे, चांदीच समजा." लेक दहावीत आहे, तिच्या लग्नासाठी आताच घेऊन ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. आपल्या आज्या अशा दागिन्याला सरळ गिलटाचा म्हणत. उद्या इतवारीच्या सराफ्यात मोडायला नेलात, तर चांदीचा म्हणून एक रुपयाही येणार नाही. चुंबक लावून पाहू नका, तो दोन्हींना चिकटत नाही. काळपट ऑक्सिडाइज्ड पॉलिश तर खऱ्या चांदीवरही करतात, म्हणून रंगावरूनही ओळखू नका.

खरी चांदी घेतानाही मी टंचावर, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती यावर, अडून बसेन. समजा 200 ग्रॅमचे तोडे 80 टंचाचे आहेत. त्यात शुद्ध चांदी 160 ग्रॅम. दुकानदाराने पूर्ण 200 ग्रॅमला शुद्ध चांदीचा भाव लावला, तर 40 ग्रॅमचे पैसे तिथेच गेले, वर मजुरी वेगळी, आणि ती मोडीत परत येत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कसोबतही एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, येतो, पण सोन्यासारखी त्याची सक्ती केलेली नाही. म्हणून तुम्हीच मागा, हॉलमार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा आणि पक्क्या बिलावर वजन, शुद्धता, मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.

तरी सगळे पैसे चांदीत नकोत. एप्रिल 2011 मध्ये किलोला 70,000 च्या वर गेलेली चांदी नंतर 40,000 च्या खाली आली आणि कित्येक वर्षं तिथेच घुटमळली. लग्नाची तारीख भावासाठी थांबत नाही.

मी असं करेन: 20,000 ची 925 हॉलमार्कची (म्हणजे 92.5 टक्के शुद्ध) चांदी, 35,000 बँकेत मुदत ठेवीत. उरलेल्या 5,000 त त्या संचातला तुम्हाला सगळ्यात आवडलेला एखादा नग सुटा मिळाला तर हौसेने घ्या. घडण खरंच देखणी असते, आणि हौस हाही खर्चाचा रास्त हिशेब आहे. फक्त लेकीला निकेलची ॲलर्जी नाही ना, ते आधी बघा. कानातलं तर टाळाच.